जिन्याखालचा वकील

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, आणि ही गोष्ट आम्ही येणाऱ्या सुनांना, होणाऱ्या व्याह्यांना आणि ऐकून घेईल त्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत आलो आहोत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही चढलो नाही, त्याअर्थी आम्ही शहाणे, असा सरळ हिशेब. त्याचा तोटा एवढाच की आत्याच्या हातात कोर्टाचं समन्स पडलं, तेव्हा ते कोर्ट नेमकं कोणत्या रस्त्यावर आहे हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.

भानगड अशी होती. आत्याच्या घरमालकाचं म्हणणं, की ही बाई घरात राहतच नाही, घर कायम कुलूपबंद असतं, सबब ते रिकामं करून मिळावं. आत्या त्या दोन खोल्यांत लग्न होऊन आली, आतोबा तिथेच गेले, आणि आता ती एकटी तिथेच राहते. मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काही दिवस आमच्याकडे आली होती. तेवढ्यात या सद्गृहस्थाने तिच्या दाराच्या कुलपाचे सकाळ-दुपार-संध्याकाळ फोटो काढून ठेवले. माणूस आपल्या नातवाचेही एवढे फोटो काढत नाही. तारखेला हजर राहिलं नाही तर एकतर्फी निकाल होईल, म्हणजे आत्याचं काहीही न ऐकता घर जाईल, असं समन्सात स्पष्ट लिहिलं होतं.

"आत्यांबद्दल मला आदरच आहे," बायको म्हणाली. बायकोने आदराने सुरुवात केली की मी खुर्ची घट्ट धरतो. "पण अहो, घर गेलं तर त्या येणार आपल्याकडे. त्या आतल्या खोलीत झोपल्या तर आपण कुठे झोपायचं, एवढं फक्त सांगा."

मी हे आत्याच्या कानावर गोड शब्दांत घालायला गेलो. म्हटलं, "तू काळजी करू नकोस. काही झालं तरी आमचं घर आहेच."

"तेच तर नको आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही चांगली माणसं आहात रे. पण तुमच्याकडे मी पाहुणी. इथे मला वाटेल तेव्हा चहा करते, वाटेल तेवढ्या मोठ्याने रेडिओ लावते, पटलं नाही तर त्या रेडिओशीच भांडते. या वयात मला दुसऱ्याच्या घरात हळू बोलायला शिकायचं नाही. हे घर गेलं तर मी जगेन, पण मला जगावंसं वाटणार नाही. तेवढं बघ."

तिने हे भाजी निवडता निवडता सांगितलं, त्यामुळे मला जास्तच लागलं. तेवढं बघायचं मी तिथल्या तिथे कबूल केलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना कलमदादा म्हणतात. ते एकदा साक्षीदार म्हणून कोर्टात गेले होते. साक्ष झालीच नाही, पण त्या दिवसापासून ते कलमाशिवाय बोलत नाहीत. जिन्यात चप्पल काढली तर एक कलम, गॅलरीत कपडे वाळत घातले तर दुसरं. मी सल्ला विचारायला वर गेलो नव्हतो. तेच खाली आले.

"वकील करू नका," ते म्हणाले. "वकील केला की खटला नातवंडांपर्यंत चालतो. कोर्टातच विधी सेवा केंद्र असतं. बायकांना आणि म्हाताऱ्यांना तिथे फुकट वकील मिळतो. तुमची आत्या बाईही आहे आणि म्हातारीही आहे. दोन्हीकडून बसते."

आता 'फुकट' या शब्दाबद्दल आमचं धोरण सांगून टाकतो. फुकट मिळणारी वस्तू आमच्यासारखी माणसं कधी सोडत नाहीत. फक्त ती घेताना कोणी पाहू नये, एवढीच आमची माफक अपेक्षा असते. मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. गावात चार माणसं मला नमस्कार करतात. त्यांपैकी एकाने जरी मला फुकट वकिलाच्या रांगेत पाहिलं असतं तर उरलेल्या तिघांना संध्याकाळपर्यंत कळलं असतं. म्हणून मी माझ्या लग्नातला काळा कोट बाहेर काढला. त्याची बटणं आता लागत नाहीत, पण उघडा ठेवला तर माणूस कामात असल्यासारखा दिसतो. आत पांढरा शर्ट घातला. आरशात पाहिलं. मदत मागायला चाललेला माणूस कुठेच दिसत नव्हता.

कोर्टात शिरताच दारावरच्या शिपायाने मला वाट करून दिली आणि माझ्यामागून येणाऱ्या म्हाताऱ्याला हटकलं. कोटाचा गुण तेव्हाच माझ्या लक्षात आला. तो कशामुळे, हे मात्र लक्षात आलं नाही.

चौकशीच्या खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती आणि आत एक पंखा फिरत होता. पंख्याखाली कोणी नव्हतं. पलीकडच्या बाईंना विचारावं तर शब्द तोंडातून निघेना. 'फुकट वकील कुठे मिळतात' असं मोठ्याने विचारायचं म्हणजे भर रस्त्यात पायजम्याची नाडी शोधण्यासारखं. मी घसा साफ करून म्हटलं, "माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या दृष्टीने, म्हणजे सहज माहितीसाठी, ते विधी की काय म्हणतात ते..."

"नक्कल विभाग वर," बाई म्हणाल्या.

वर नक्कल विभागाने मला अभिलेख विभागाकडे पाठवलं, अभिलेख विभागाने नोंदणीकडे, आणि नोंदणीतल्या माणसाने जेवणाचा डबा उघडता उघडता मला पुन्हा खाली ढकललं. 'विधी सेवा केंद्राकडे' अशी बाण काढलेली एक पाटी सापडली. बाण थेट एका लोखंडी कपाटात शिरत होता. केंद्र तिथून हललं होतं, पाटीला कोणी कळवलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण आमच्या कार्यालयातही नळजोडणीच्या अर्जाची खिडकी हलून बराच काळ झाला आहे आणि लोक अजून जुन्या खिडकीशी उभे राहतात. मी स्वतः त्यांना तिथून 'उद्या या' म्हणत असतो. सरकारी कामात एक प्रकारचा घरगुतीपणा असतो, तो मला तिथेही जाणवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फेरा झाला. तोवर त्या इमारतीतली एकही खोली माझ्या पायाखालून सुटली नव्हती. दिवाणी कुठे, फौजदारी कुठे, शपथपत्रं कुठे करतात, प्यायचं पाणी कुठे नाही, सगळं पाठ झालं. भाडेकरूंचे खटले दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत, हेही पाहून ठेवलं. आणि शेवटी, बाहेर पडताना, तळमजल्यावरच्या जिन्याखाली मान वाकवून पाहिलं तर तिथे केंद्र होतं. एक टेबल, एक पाठ असलेली खुर्ची, एक बाकडं, आणि वर पाटी: 'येथे मोफत कायदेशीर मार्गदर्शन मिळेल.'

टेबलामागे एक तरुण वकीलबाई एकाच वेळी तिघांशी बोलत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी आजूबाजूला पाहून म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

"त्यांना काय अडचण आहे?"

मी सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाल्या, "केस चांगली आहे. शेजारी सांगतील, विजेची बिलं आहेत, घर टिकेल. पण अर्जावर सही बाईंचीच लागेल. त्यांना उद्याच घेऊन या."

"बघतो," मी म्हटलं. "माझा तसा जवळचा संबंध नाही."

"मग तुम्ही नाही आलात तरी चालेल. त्यांनाच पाठवा."

हे वाक्य मी जसंच्या तसं पाळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. पण 'उद्याच' म्हणजे कार्यालयातून तिसरी रजा, आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? तारखेच्या दिवशी तासभर आधी जाऊन सही केली तरी भागेल, असं मी ठरवलं. कायद्यातलं मला तोवर बरंच कळायला लागलं होतं.

तारीख उजाडली. मी आत्याला म्हटलं, "मी पुढे जातो. तू मागून रिक्षाने ये. आपण दोघं एकत्र दिसायला नको."

"का रे? आपण काय दरोडा घालायला चाललोय?"

"तसं नाही. जिन्याखाली ये. कुणालाही विचार."

जिन्याखाली पोहोचलो तर वकीलबाई नव्हत्या. कुणाच्या तरी जामिनासाठी दुसऱ्या कोर्टात उभ्या होत्या, येतील म्हणे. बाकड्यावर माणसं दाटीवाटीने बसली होती. खुर्ची रिकामी होती. दोन दिवसांच्या पायपिटीने माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. मी बसलो. वाईट हेतूने बसलो नव्हतो, हे मी नंतर शपथेवरही सांगितलं आहे.

बसतो न बसतो तोच एक माणूस पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, शपथपत्र कुठे करायचं?"

मी वकील नाही, हे तीन शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण शपथपत्र कुठे करायचं हे मला खरोखरच माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट सांगण्यात फसवणूक कसली? "पहिला मजला, उजवीकडून तिसरं दार," मी म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढून मी एकाही नागरिकाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. तो गेला. दुसरा आला. त्यालाही सांगितलं. मग बाकड्यावरचे सगळे उठून रांगेत उभे राहिले.

आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. माझा आवाज आपोआप खाली उतरला, पोटातून येऊ लागला. मी मान वर करणं सोडून दिलं, कारण मोठी माणसं मान वर करत नाहीत. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर उगाच रेघोट्या मारत मी लोकांना मजले आणि खोल्या वाटत सुटलो. एकाने बायको नांदायला येत नाही म्हणून विचारलं. त्याला मी आधी स्वतःचं वागणं तपासून पाहायला सांगितलं. तो विचारात पडून गेला.

एका उंच माणसाच्या खांद्यामागून कोणीतरी बाई म्हणाली, "भाडेकरूच्या घराचा खटला कुठे चालतो हो?"

"दुसरा मजला, शेवटची खोली. तिथेच बसून राहा, हलू नका," मी कागदावरून नजर न उचलता म्हटलं. "पुढे."

थोड्या वेळाने जिन्यामागच्या खोलीतून शिपाई बाहेर आला आणि कुणाच्या तरी नावाचा पुकारा केला. कोणी आलं नाही. त्याने पुन्हा केला. रांगेतल्या गलक्यात नाव कोणाचं ते मला कळलं नाही, पण माझ्या बोलण्यात व्यत्यय आलेला कळला. शिपाई तिसऱ्यांदा ओरडून आत गेला तेव्हा मी रांगेला उद्देशून म्हटलं, "पाहा. खटल्याला बोलावतात आणि माणसांचा पत्ता नाही. स्वतःच्या घराची ज्यांना काळजी नाही, त्यांच्यासाठी कायदा तरी काय करणार?" पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. माझ्या आयुष्यात माझ्या भाषणाला एवढी मान्यता मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग.

तेवढ्यात वकीलबाई आल्या. रांग पाहिली, मला पाहिलं, मग पाटी पाहिली, आपण बरोबर जागी आहोत ना म्हणून.

"तुम्ही इथे काय करताय?" त्यांनी विचारलं.

"मी जरा मार्गदर्शन करत होतो."

"आणि त्या तुमच्या ओळखीच्या बाई? त्यांची आज तारीख ना? जामिनाला जाईपर्यंत मी त्यांचीच वाट पाहत होते."

मी घड्याळ पाहिलं. आत्या यायला हवी होती. मी वर धावलो. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीला कुलूप होतं आणि दाराशी, भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी गुडघे चेपत आत्या जमिनीवर बसली होती. दारावर कागद चिकटवला होता, की इथले न्यायाधीश रजेवर असल्याने भाडेकरूंचे खटले आजच्यापुरते तळमजल्यावर जिन्यामागच्या खोलीत चालतील. आत्याचा चष्मा घरी राहिला होता.

"इथे का बसलीस?" मी ओरडलो.

"खाली एका वकिलाने सांगितलं, तिथेच बसून राहा, हलू नका. म्हणून हलले नाही. चांगला माणूस असावा, पण तोंड वर करून बोलायची पद्धत नाही मेल्याला." मग ती माझ्या कोटाकडे जरा वाकून पाहत राहिली. "आवाज ओळखीचा वाटला होता बरं का. पण एवढ्या ठासून बोलणारं आपल्यात कोणी नाही, म्हणून म्हटलं दुसरा कोणी असेल."

खाली आलो तोवर एकतर्फी निकाल झाला होता. घरमालक खोलीबाहेर आपल्या वकिलाचा हात हातात घेऊन हलवत होता. त्याने आत्याला पाहून नमस्कारही केला. आत्याने मान फिरवली. जिला गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती ती आत्या बाकड्यावर नुसती बसून राहिली, तेव्हा मला स्वतःची मनापासून लाज वाटली. माझी बायको काय म्हणेल, हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "निकाल रद्द करायला अर्ज देता येतो," त्या म्हणाल्या. "पण गैरहजेरीला सबळ कारण लागेल. बाई कोर्टात आल्या होत्या, पण चुकीच्या मजल्यावर पाठवल्या गेल्या, हे कारण आहे. ज्याने पाठवलं त्याने तसं शपथेवर लिहून द्यायला हवं."

"एका अज्ञात इसमाने पाठवलं, असं लिहिलं तर?" मी विचारलं.

"अज्ञात इसमाच्या वतीने शपथ कोण घेणार? तुम्ही?"

घरी सभा भरली. कलमदादा म्हणाले, वकील नसताना वकिलाच्या खुर्चीत बसणं यालाही कलम आहे, आणि ते फार वाईट कलम आहे. बायको म्हणाली, "लिहून द्या. तुम्हाला आत टाकलं तर तुमच्या जागी आत्या झोपतील. प्रश्न मिटला." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. रात्रभर विचार करून मी लिहून दिलं. सगळं लिहून दिलं. रेघोट्यांसकट.

अर्जाच्या सुनावणीला न्यायाधीशांनी ते भर कोर्टात वाचायला लावलं. मग घरमालकाचे वकील उठले. त्यांचा कोट माझ्याच रंगाचा होता, पण बटणं लागत होती.

"आपण वकील आहात?"

"नाही."

"मग त्या खुर्चीत का बसलात?"

"रिकामी होती."

"लोकांना मार्गदर्शन का केलंत?"

"त्यांनी विचारलं."

"आणि हा काळा कोट?"

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. "फुकट मदत मागायला आलो आहे, असं कोणाला वाटू नये म्हणून," मी म्हटलं.

कोर्टात हसण्याची परवानगी नसते, असं कलमदादा म्हणतात. त्या दिवशी सर्वांना होती. लघुलेखक तर टंकायचा थांबला. घरमालकाचे वकील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "महोदय, ही सगळी रचलेली कथा आहे. सुशिक्षित, सरकारी नोकरीतला गृहस्थ स्वतःच्या आत्याला स्वतःच चुकीच्या मजल्यावर पाठवतो आणि खाली बसून तिच्यावरच टीका करतो? इतका मूर्ख माणूस असणं शक्य नाही."

तेव्हा आत्या उठून उभी राहिली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, मी याला जन्मल्यापासून ओळखते," ती म्हणाली. "यात काही रचलेलं नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा घातला आणि निकाल सांगायला सुरुवात केली. बाईंची गैरहजेरी त्यांच्या दोषाने झालेली नाही, सबब एकतर्फी निकाल रद्द, खटला नव्याने चालावा. इथवर ठीक होतं. पण मधे एक वाक्य आलं, ते मला तोंडपाठ आहे: 'भाच्याचे वर्तन प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटले तरी त्यास प्रत्यक्ष पाहता व ऐकता, ते अप्रामाणिकपणाचे नसून निव्वळ मूर्खपणाचे आहे, याविषयी न्यायालयाची खात्री पटते.'

आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, घरी जाऊ. माझ्या." तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण कारणं वेगळी होती.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, "निकालाबद्दल तक्रार नाही. पण ते एक वाक्य काढून टाकायला अर्ज करता येईल का? मी पाणीपुरवठ्यात वरिष्ठ आहे."

"येईल," त्या म्हणाल्या. "पण सगळा निकाल त्याच वाक्यावर उभा आहे. तुम्ही मूर्ख नसाल तर लबाड ठरता. लबाड ठरलात की कारण गेलं. कारण गेलं की घर गेलं. शिवाय घरमालक वरच्या कोर्टात अपील करतोय. त्याचा मुद्दा एकच आहे, की तुम्ही वाटता तेवढे मूर्ख नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शहाणपणासाठी एवढा खर्च करून भांडत होतं, आणि तो नेमका आत्याच्या जिवावर उठलेला माणूस.

"मग अपिलात मी काय बोलायचं?" मी विचारलं.

"काही बोलू नका," वकीलबाई म्हणाल्या. "समोरच्या बाकावर बसा. न्यायाधीशांना नीट दिसलात की पुरे."

मी रजेचा अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात 'आत्याचं घर' असं लिहिलं.